जुन्या कॅम्परची स्टार्टर मोटर बदलताना

जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये ‘टाइप २’ ही व्हॅन आणली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात निजण्याची सोय करून तिला फिरत्या घराचे रूप दिले. आज उरलेल्या अशा गाड्यांमध्ये स्टार्टर मोटर दगा देणे ही नित्याची तक्रार आहे. तसे झाल्यास वाहनाबरोबर बिऱ्हाडही वाटेत अडकते.

किल्ली फिरवताच सोलेनॉइड मोटरीचे लहान दंतचक्र फ्लायव्हीलच्या दात्यांत सरकवतो आणि बॅटरीचा प्रवाह मोटरीला जोडतो. नुसताच ‘टक्’ आवाज झाला वा तोही झाला नाही, तरी दोष मोटरीतच असेल असे नाही. उतरलेली बॅटरी, गंजलेले अर्थिंग, किंवा पुढच्या किल्लीपासून मागच्या सोलेनॉइडपर्यंतच्या लांब तारेत घटणारे व्होल्टेज, ही कारणे आधी तपासावीत.

मोटर काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी सोडवणे अत्यावश्यक असते. सोलेनॉइडवरील जाड तारेत सदैव व्होल्टेज असते. पुढची बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. मूळ धाटणीच्या मोटरीच्या दांड्याचे टोक गिअरबॉक्सच्या कवचातील बुशमध्ये फिरते. झिजलेला बुश तसाच ठेवल्यास दांडा डळमळतो, आतील आर्मेचर घासते आणि नवी मोटरही लवकर निकामी होते. म्हणून मोटरीबरोबर तिच्याच मापाचा बुशही बदलावा. १९६७ च्या मॉडेलपासून ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची यंत्रणा आल्याने खरेदीपूर्वी गाडीचे वर्ष पाहणे हिताचे ठरते.