पाऊस नव्हे, ओलं पान!

योकोहामातल्या पहिल्याच वर्षी हौसेने एक वाफा भाड्याने घेतला आणि टोमॅटोची सहा रोपं लावली. जूनमध्ये 'त्सुयु' सुरू झाला. हा इथला पावसाळा. कोसळत नाही, नुसता रेंगाळतो, जुलैच्या मध्यापर्यंत. पानांवर तपकिरी डाग दिसले आणि आठवड्याभरात सहाही रोपं उकडल्यासारखी काळी पडली. आपला करपाच तो! शेजारच्या वाफ्यावरच्या आजोबांची रोपं मात्र टवटवीत. त्यांनी वर बांबूच्या कमानीवर प्लास्टिक ताणलं होतं, बाजू उघड्या. मला म्हणाले, "पावसाला नावं ठेवू नका. पान भिजू देऊ नका."

मग जरा इतिहास चाळला.

टोमॅटो जपानात आला तो शोभेचं झाड म्हणून. कानो तान्यू या चित्रकाराने १६६८ साली त्याचं चित्र काढलं होतं. पण लोकांनी तो खाल्ला नाही! १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, गोरे लोक राहायला आले आणि त्यांच्यासाठी आसपासच्या गावांतले शेतकरी 'पाश्चात्त्य भाज्या' पिकवू लागले. त्यांपैकी कोयासू गावात (आता ते शहरातच आहे) 'शिमिझुया'ने १८९६ मध्ये टोमॅटो केचप बनवायला सुरुवात केली. नागोयाकडे इचितारो कानिए यांनी १८९९ मध्ये टोमॅटो लावला, पण वास कुणाला रुचेना, माल पडून राहिला. म्हणून १९०३ मध्ये त्यांनी सॉस करायला घेतला. त्यातूनच पुढे 'कागोमे' कंपनी उभी राहिली. थोडक्यात, ताजा खपत नाही तर शिजवून विका.

पण शिजवायला आधी पीक हाती यायला हवं. या करप्याचा कर्ता म्हणजे बुरशीसारखा एक जीव. त्यानेच १८४५ पासून आयर्लंडमधले बटाटे नासवले, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. याचे बीजाणू थंड, ओल्या पानावरच्या पाण्याच्या पापुद्र्यात चक्क पोहतात आणि आत शिरतात. पान कोरडं असेल तर बिचाऱ्यांना पोहायला पाणीच नाही! आजोबांचं वाक्य ते हेच.

या रोगावरचा पहिला मोठा उपाय योगायोगानेच सापडला. फ्रान्समध्ये द्राक्षं चोरणाऱ्यांना घाबरवायला रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींना केवडा (करप्याचाच चुलतभाऊ) होत नाही, हे मियार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते जगाला सांगितलं. तेच आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदारांचं बोर्डो मिश्रण. पण ते फक्त पानावर बसतं, जोराच्या पावसाने धुऊन जातं, की पुन्हा फवारणी.

जपान्यांनी याहून साधा रस्ता धरला. १९५० च्या दशकात शेतीसाठी प्लास्टिक कागद मिळू लागला आणि पुढे 'आमायोके', म्हणजे पाऊस अडवणारं छप्पर, ही पद्धतच रूढ झाली. पाणी फक्त मुळाशी. १९८५ मध्ये आलेला, झाडावरच पिकवायचा 'मोमोतारो' टोमॅटो आज घरोघरी आहे, पण अशा नाजूक चवीच्या वाणाला पावसात छत्री लागतेच.

नारायणगाव-जुन्नरकडच्या शेतकऱ्याने सगळ्या खरिपावर छप्पर घालावं, असं मी म्हणणार नाही. खर्च त्याने करायचा आणि भाव कोसळला की टोमॅटो रस्त्यावर ओतायचे, हे आपण पाहतोच. पण बांबू-तारेवर रोपं उचलणं, खालची पानं काढणं, ठिबक, दोन ओळींत वाऱ्याला वाट, हे सगळं त्याच एका सूत्राचे तुकडे आहेत. प्रत्येक वाचलेली फवारणी म्हणजे खिशात राहिलेले पैसे.

असो. यंदा माझ्याही वाफ्यावर प्लास्टिक आहे. काल आजोबा बघून गेले. काही बोलले नाहीत, पण जाताना बांबू जरा सरळ करून गेले.