गुळाचा खडा, पाण्याचा तांब्या

पुणे-सातारा महामार्गालगतच्या शिवऱ्यात काय, किंवा भोर-वेल्ह्याच्या आतल्या वाड्यावस्त्यांवर काय, भर उन्हात कुणी दारात आलं की जुन्या वळणाच्या घरात आधी ओसरीवर पाण्याचा तांब्या येतो आणि वाटीत गुळाचा खडा. खडा तोंडात विरघळू द्यायचा, मग पाणी. तापून आलेल्याने घटाघटा प्यायलं तर बाधतं, असं म्हातारी माणसं सांगतात. तोंडात गूळ असला की पिणारा आपसूक सावकाश होतो.

पाहुण्याला पाणी आणि गोड देण्याची ही रीत गृह्यसूत्रांइतकी मागे जाते. तिथे आधी आसन, मग पाय धुवायला पाद्य, मग अर्घ्य, आचमनाचं पाणी आणि शेवटी मधुपर्क, म्हणजे दही, मध, तूप. पण त्याचे मानकरी मोजकेच: आचार्य, ऋत्विज, राजा, स्नातक, नवरदेव आणि जवळचं माणूस. आजही लग्नात वधूपिता वराला मधुपर्क देतो तो त्यामुळेच.

अनोळखी वाटसरूची सोय मात्र रोजच्या पंचमहायज्ञांत लावलेली आहे. त्यांतला एक यज्ञ म्हणजे अतिथीला जेवू घालणं. विष्णुपुराण तर गृहस्थाला गाईची धार काढायला लागेल तेवढा वेळ अंगणात उभं राहून अतिथीची वाट बघायला सांगतं, आणि आलेल्याचं कुळ, गोत्र, शिक्षण काहीही न विचारता त्याला ब्रह्मदेवासमान मानायला लावतं. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या घरी तीन रात्री उपाशी राहिला, तर खुद्द यमाला तीन वर देऊन त्याची भरपाई करावी लागली.

पोथीत गोत्र विचारायचं नव्हतं. गावात पाण्याआधी जात विचारली जात होती. कुणाला तांब्या हातात मिळे, कुणाच्या ओंजळीत वरून धार पडे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तिथल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला. या रीतीची कुळकथा हे पान गाळून सांगणं अप्रामाणिक ठरेल.

पुढे चहा आला. 1903 च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला, त्या पैशातून प्रचार झाला आणि हळूहळू गूळपाण्याची जागा कपबशीने घेतली. शहरात तर पुरतीच.

आता महामार्गाच्या गावांत नवखा माणूस येतो तो बहुधा कामाच्या शोधात, पाठीला पिशवी लावून, भाड्याची खोली विचारत. त्याच्या वाट्याला आधी येतात ते आडनाव, मूळ गाव, आधार कार्ड आणि अनामत रकमेचे प्रश्न. कागद बघावेच लागतात, भाडेकरूची माहिती पोलिसांनाही द्यावी लागते. पण ही सगळी चौकशी त्याला बसवून, पाणी देऊन झाल्यावरही करता येते.