३२ बाइटपासून एक जीबीपर्यंत

सोनीचा बीडीपी-एस३५० हा ब्लू-रे प्लेअर २००८ साली अमेरिकेत सुमारे ४०० डॉलरना मिळायचा. त्याच्या पाठीमागे, वायरींच्या गर्दीत, यूएसबीची एक खाच होती. डिस्कवरचा सिनेमा बघायला तिची काहीच गरज नव्हती. पण डिस्कसोबत जाहीर केलेला जादा मसाला, म्हणजे इंटरनेटवरून उतरवायच्या चित्रफिती, प्रश्नमंजूषा, नवे ट्रेलर, हे हवं असेल तर तिथे किमान एक जीबीचा पेन ड्राइव्ह लावावा लागे. तो खोक्यात नसे. गिऱ्हाइकाने आपला आणायचा. वरचं एस५५० हे मॉडेल घेतलं, तर मात्र एक जीबीची मेमरी सोबत मिळे.

सिनेमा दाखवणाऱ्या यंत्राला वेगळी मेमरी विकत घेऊन द्यायची, हे तेव्हा अनेकांना चमत्कारिक वाटलं. त्यामागचं कारण मात्र डिस्क छापण्याच्या पद्धतीतच आहे. कारखान्यात ठशावरून दाबून काढलेल्या ब्लू-रे डिस्कवर ५० जीबी मजकूर मावतो, पण घरी आल्यावर तिच्यावर एक अक्षरही लिहिता येत नाही. प्रेक्षकाने खेळात किती गुण मिळवले, सिनेमा कुठे थांबवला, स्टुडिओने मागाहून काय धाडलं, यातलं काहीही टिकवायचं तर ते प्लेअरने स्वतःकडेच ठेवायला हवं. मग किती ठेवायचं, कुठे ठेवायचं आणि जागा भरली की कुणाचं पुसायचं? ऑप्टिकल डिस्कच्या प्रत्येक पिढीने या प्रश्नांची निरनिराळी उत्तरं दिली. बहुतेक वेळा उत्तर अर्धवट राहिलं.

लेझरडिस्क १९७८च्या डिसेंबरात अटलांटात विक्रीला आली. घरगुती प्लेअरकडे लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतंच. कंपन्यांच्या प्रशिक्षणासाठी बनवलेल्या प्लेअरमध्ये मात्र मायक्रोप्रोसेसर बसवलेला असे आणि त्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम चक्क डिस्कच्या एका ध्वनिमार्गावर भरलेला असे. प्लेअर तो ऐकून मेमरीत घेई आणि त्यानुसार प्रश्न विचारून पुढचं दृश्य निवडी. जनरल मोटर्सने आपल्या विक्रेत्यांच्या शोरूममध्ये पायोनियरचे असे प्लेअर ठेवले होते. वीज बंद केली की यंत्राची पाटी कोरी.

वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी घराघरांत नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न फिलिप्सने केला. सीडी-आय या माध्यमाची घोषणा १९८६ची. अमेरिकेत प्लेअर दुकानात यायला १९९१ उजाडलं. त्यात चालू कामासाठी एक मेगाबाइट रॅम होती. शिवाय बॅटरीवर जिवंत राहणारी आठ किलोबाइटची वेगळी मेमरी होती. आठ किलोबाइट म्हणजे साध्या इंग्रजी मजकुराची चार-पाच पानं. घरातल्या सगळ्या सीडी-आय डिस्कनी एवढ्यातच भागवायचं. १९९३च्या ‘लिंक: द फेसेस ऑफ ईव्हिल’ या खेळाची प्रगती तिथेच साठे आणि विश्वकोशाच्या डिस्कला काही नोंदवायचं असेल तर तिलाही त्यातलाच तुकडा. जागा संपली की मालकाने प्लेअरच्या मेनूत जाऊन कुठली नोंद उडवायची ते ठरवायचं.

या मेमरीचं पुढे जे झालं ते बघण्यासारखं आहे. पुष्कळ मॉडेलांत मेमरी, घड्याळ आणि लिथियमची बॅटरी एकाच चिपच्या प्लास्टिकमध्ये बंद केलेली होती. बॅटरी बदलायची सोयच नव्हती. दहा-पंधरा वर्षांनी ती संपली आणि चालू स्थितीतल्या प्लेअरना काहीच आठवेनासं झालं. जुनी यंत्रं जपणारे हौशी लोक मग त्या चिपच्या डोक्यावरचं प्लास्टिक कानशीने हळूहळू घासतात. आत बॅटरीकडे जाणाऱ्या दोन पट्ट्या उघड्या पडल्या की मेलेली बॅटरी तोडून वेगळी करतात आणि त्या पट्ट्यांना तारा डकवून बाहेर नाण्याएवढी साधी बॅटरी जोडतात. हात जरा जास्त खोल गेला की चिप कायमची गेली.

डीव्हीडीवाल्यांनी हा व्याप टाळला. नोव्हेंबर १९९६मध्ये जपानमध्ये आलेल्या या माध्यमात डिस्कच्या मेनूला वापरायला सोळा नोंदकप्पे मिळाले, प्रत्येक सोळा बिटांचा. एकूण बेरीज ३२ बाइट! प्रेक्षकाची भाषा, निवडलेला आवाज, मुलांसाठीचं बंधन अशा गोष्टींचे २४ कप्पे वेगळे होते, पण ते प्लेअरच्या कारभाराचे. डिस्क बनवणाऱ्याच्या हातात ३२ बाइटच, आणि डिस्क बाहेर काढली की तेही पुसले जात. एवढ्याशा जागेत लोकांनी डीव्हीडीवर प्रश्नमंजूषा रचल्या, गुण मोजले, १९८३चा ‘ड्रॅगन्स लेअर’ हा आर्केडमधला खेळ घरच्या रिमोटवर आणला. एकेका कप्प्याचे सोळा बिट वेगवेगळ्या कामांना वाटून देण्याची काटकसर ही त्या काळच्या डीव्हीडी रचनाकारांची खरी कारागिरी. तिचं कौतुक फारसं कुणी केलं नाही.

ब्लू-रेची वेळ आली तेव्हा महत्त्वाकांक्षा बदलली होती. २००५च्या जावावन परिषदेत सन मायक्रोसिस्टिम्सने ब्लू-रेमध्ये जावा ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा असणार हे जाहीर केलं. डिस्कवर आता नुसता मेनू नव्हे, पुरता संगणक-प्रोग्रॅम येणार होता. हे जावा थेट संगणकातून आलं नाही. त्याचं कुळ युरोपातल्या डिजिटल टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचं, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एमएचपी या प्रमाणाचं. सेट-टॉप बॉक्समध्ये अनेक वाहिन्यांचे प्रोग्रॅम एकाच तुटपुंज्या मेमरीवर नांदतात. म्हणून तिथे फाइल जपून ठेवताना तिच्यावर तीन गोष्टी लिहायची सोय होती: ती कोण वाचू शकेल, ती कधी कालबाह्य होईल, आणि तिचं महत्त्व कमी, मध्यम की जास्त. जागा संपली तर बिनमहत्त्वाचं आधी जावं, हा हेतू. ब्लू-रेने ही व्यवस्था उचलली. अर्थात आपली फाइल ‘कमी महत्त्वाची’ आहे असं स्वतःहून कोण लिहील?

ब्लू-रेच्या साध्या मेनूंनाही ३२ बिटांचे ४,०९६ कप्पे मिळाले, म्हणजे डीव्हीडीच्या ३२ बाइटच्या जागी १६ किलोबाइट. जावा प्रोग्रॅमसाठी प्लेअरमध्ये कायमची मेमरी हवी, ती किमान ६४ किलोबाइट, सगळ्या डिस्कना मिळून. जून २००६मध्ये पहिले प्लेअर अमेरिकेत आले ते एवढ्याच ऐवजावर.

तोशिबाच्या गोटातलं प्रतिस्पर्धी माध्यम, म्हणजे एचडी डीव्हीडी, त्याच सुमारास बाजारात उतरलं होतं आणि या बाबतीत ती ब्लू-रेपेक्षा शहाणी होती. तिच्या अगदी पहिल्या प्लेअरपासून इंटरनेटची जोडणी, १२८ मेगाबाइटची कायम मेमरी आणि चित्रात चित्र दाखवायला दुसरा डिकोडर, हे सगळं सक्तीचं होतं. त्यामुळे डिस्क बनवणाऱ्याला ‘समोरच्याकडे हे असेल का’ असा विचार करावा लागत नसे. ३१ जुलै २००७ला ‘३००’ हा सिनेमा दोन्ही माध्यमांत एकाच दिवशी आला. एचडी डीव्हीडीवर मूळ चित्रीकरणाचं निळ्या पडद्यासमोरचं दृश्य कोपऱ्यातल्या चौकटीत सिनेमासोबत चालवता येत होतं आणि आवडते प्रसंग निवडून इतरांना पाठवता येत होते. ब्लू-रेवर यातलं काही नव्हतं. त्याआधी लायन्सगेटने ‘द डिसेंट’च्या ब्लू-रेवर चित्रात चित्र दाखवण्याची युक्ती केली होती: कोपऱ्यातली चौकट आधीच चिकटवलेली सिनेमाची दुसरी संपूर्ण प्रत त्याच डिस्कवर घातली. जागा होती म्हणून जमलं.

ब्लू-रेवाल्यांनी प्लेअर बनवणाऱ्यांना सवलतीची मुदत दिली होती. ती ३१ ऑक्टोबर २००७ला संपली. त्यानंतर बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलांना दुसरा डिकोडर आणि २५६ मेगाबाइटच्या साठवणीची सोय बंधनकारक झाली. या पायरीचं नाव बोनसव्ह्यू. इंटरनेट आणि एक जीबी असलेली पुढची पायरी बीडी-लाइव्ह. ती कधीच सक्तीची झाली नाही. आणि इथेच एक पळवाट राहिली. साठवण प्लेअरच्या पोटात असावी असं नियम म्हणत नव्हता. कार्डाची किंवा पेन ड्राइव्हची खाच असली तरी चालत होतं. म्हणून पॅनासॉनिकच्या प्लेअरना एसडी कार्डाची खाच आली आणि सोनीच्या पाठीमागे यूएसबीची. खर्च वाचला, पण एकसारख्या डिस्क बनवण्याची खात्री गेली. या सगळ्यात सुखी राहिला प्लेस्टेशन ३ घेणारा. त्यात हार्ड डिस्क पहिल्यापासून होती, त्यामुळे डिसेंबर २००७ आणि मार्च २००८च्या सॉफ्टवेअर अपडेटने तो घरबसल्या दोन्ही पायऱ्या चढला. दरम्यान १९ फेब्रुवारी २००८ला तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली होती. जास्त विचारपूर्वक केलेली मेमरीची योजना हरलेल्या बाजूकडे होती, हे त्या लढाईचं एक दुर्लक्षित अंग.

एक जीबीचा कारभार मोठा चतुराईने आखला होता. छोट्या नोंदी ६४ किलोबाइटच्या भागात, आणि उतरवलेला मोठा माल पेन ड्राइव्हवरच्या ‘बुडा’ नावाच्या फोल्डरात. त्यात प्रत्येक स्टुडिओच्या ओळखक्रमांकाचं फोल्डर, त्याच्या आत प्रत्येक डिस्कचं. नवा ट्रेलर उतरला की त्याच्यासोबत एक यादी येई: ही फाइल डिस्कवरच्या अमुक जागी आहे असं समज. यादीवर डिजिटल सही. प्रोग्रॅमने मागणी केली की प्लेअर सही तपासतो आणि डिस्कवरच्या व पेन ड्राइव्हवरच्या फाइल मिळून एकच डिस्क असल्याचा आभास उभा करतो. मग २००८ची डिस्क २००९चा ट्रेलर दाखवू शकते आणि चित्रपट चालवणाऱ्या भागाला फरक कळतही नाही. सही जुळली नाही तर फाइल नुसती पडून राहते. ऑप्टिकल डिस्कच्या इतिहासात यापेक्षा देखणी रचना क्वचितच सापडेल.

आवराआवरीचा मामला मात्र सुटला नाही. एका स्टुडिओच्या डिस्कला दुसऱ्याचा माल उडवता येत नाही, ते योग्यच. पण मग पेन ड्राइव्ह भरला की काम प्रेक्षकाच्या गळ्यात. सॅमसंगच्या मेनूत ‘बीडी डेटा मॅनेजमेंट’, प्लेस्टेशनवर ‘बीडी डेटा युटिलिटी’, सोनीच्या प्लेअरवर ‘इरेझ बीडी डेटा’, आणि हा शेवटचा पर्याय दाबला की बुडा फोल्डरातलं सगळंच साफ. काय ठेवण्यासारखं आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्यालाच पुसण्याचा अधिकार दिलेला.

आणि ठेवण्यासारखं होतं तरी काय? जानेवारी २००८मध्ये लायन्सगेटच्या ‘सॉ ४’सारख्या डिस्कपासून बीडी-लाइव्हची सुरुवात झाली. ३० सप्टेंबरला ‘आयर्न मॅन’ आला आणि पहिल्याच दिवसांत एवढ्या प्लेअरनी एकदम सर्व्हरकडे धाव घेतली की तो दमला. डिस्क सुरू व्हायलाच वेळ लागू लागला. पुढच्याच आठवड्यात डिस्नेची ‘स्लीपिंग ब्यूटी’: सिनेमा चालू असताना पडद्यावर गप्पा, मित्राला स्वतःची चित्रफीत जोडून पाठवायची सोय, आणि मेनूतल्या राजवाड्यावर प्रेक्षकाच्या गावचं हवामान. १८ डिसेंबरला ‘द डार्क नाइट’चा दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन सिनेमा चालू असताना प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर निवडत गप्पा मारायला कुणाला हौस असणार? बहुतेक डिस्कवर बीडी-लाइव्ह म्हणजे पुढच्या सिनेमांची जाहिरात एवढंच उरलं, आणि स्टुडिओंनी हळूहळू त्यातून अंग काढलं. बीडी-लाइव्हसाठी आलेली नेटवर्कची जोडणी मात्र दुसऱ्यालाच फळली: २००८च्या शरद ऋतूत एलजीचा बीडी३०० प्लेअर त्याच तारेवरून नेटफ्लिक्सचे सिनेमे दाखवू लागला.

प्रेक्षकाला प्लेअरकडून खरं काय हवं होतं, ते जावा डिस्कनीच नकळत उघड केलं. साध्या मेनूच्या डिस्कवर सिनेमा अर्धवट थांबवला तर जागा प्लेअरच लक्षात ठेवतो. जावाची डिस्क म्हणजे चालू प्रोग्रॅम. तो बंद झाला की कुठे होता हे प्लेअरला कळायला मार्ग नाही. फोन घ्यायला ‘स्टॉप’ दाबलं की पुन्हा कायद्याच्या सूचना, स्टुडिओची मानचिन्हं, ट्रेलर, मेनू, आणि मग प्रसंग शोधत बसा. तक्रारी झाल्यावर डिस्क बनवणाऱ्यांनी थांबल्याची जागा स्वतः नोंदवायला सुरुवात केली. डिसेंबर २००८पासून ब्लू-रे काढू लागलेल्या क्रायटेरियनच्या डिस्कवर कालरेषा असते. तिच्यावर प्रेक्षक आपल्या खुणा ठेवू शकतो, आणि डिस्क काढून पुन्हा घातली की ती विचारते: मागच्या वेळी जिथे सोडलं तिथून सुरू करायचं का? त्यासाठी पेन ड्राइव्ह लागत नाही. डिस्कचा क्रमांक आणि वेळ यांची ती नोंद काही बाइटांची. २००६च्या पहिल्या प्लेअरमधल्या ६४ किलोबाइटमध्येही अशा शेकडो नोंदी मावल्या असत्या.