बोकोबांचा बाजार

डब्यातल्या सुक्या बोंबलाची कुरकुर आमच्या बोक्याला तीन खोल्यांपलीकडून ऐकू येते. नावानं हाक मारली की मात्र तो ठार बहिरा! बोंबील आणायला पिशवी घेऊन मीच जातो. पूर्वी याची लाज वाटायची. पण पुस्तकात लंडनचे डॉक्टर जॉन्सन भेटले आणि मान ताठ झाली.

या गृहस्थांनी १७५५ साली इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश काढला. वादात भल्याभल्यांची बोलती बंद करणारा माणूस. पण त्यांच्या हॉज नावाच्या बोक्याला कालवं लागत. कालवं तेव्हा तिथं स्वस्त, गोरगरिबांचं खाणं. तरी ती आणायला डॉक्टरसाहेब जातीनं जात! नोकरांना पिटाळलं तर ते वैतागतील आणि त्या मुक्या जिवावर डूख धरतील, ही धास्ती. हे लिहून ठेवलं बॉझवेलनं, १७९१ सालच्या चरित्रात. बॉझवेलला मांजरांचं वावडं, म्हणजे साक्षीदार अगदी पक्का!

गॉफ स्क्वेअरमध्ये जॉन्सन जिथं राहत, त्या घरासमोर १९९७ साली पुतळा बसवला, तो हॉजचा. बूड शब्दकोशावर, शेजारी कालवांच्या शिंपल्या. विद्वत्तेचा उपयोग मांजरांना असा बरोब्बर कळतो.

मला मात्र त्या बाजारातल्या फेरीचं मोल अधिक वाटतं. लाड आपण करायचे आणि पायपीट दुसऱ्यानं, याला प्रेम कसं म्हणायचं? आमच्याकडे नोकर नाही. वैतागायला फक्त ही आहे. म्हणून पिशवी माझ्याच हातात बरी.