चांद्याच्या जंगलातली सालीवरची नोंद

चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचं, जंगल मोजण्यात सरकारने कधी आळस केला नाही. इंग्रजी अमलात राखीव वनं आखली गेली, कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, पडले, तोडीच्या झाडांवर हातोड्याच्या खुणा उमटल्या आणि आलापल्लीच्या सागाचा लौकिक दूरवर गेला. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा त्याचं वाजतगाजत पूजन झालं. या लाकडावरच्या सालीत राहणाऱ्या जिवांना मात्र लाकूड-डेपोच्या वहीत रकाना नव्हता.

हे जीव म्हणजे शैवाक, मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. किराणा दुकानातलं दगडफूल पानासारखं पसरट असतं आणि त्यातलं बरंचसं हिमालयाच्या उतारांवरून येतं. गडचिरोलीत चीड-देवदार नाहीत. इथे साग, ऐन, मोह, धावडा. धावड्यासारख्या गुळगुळीत सालीवर राखाडी डाग आणि त्यात बारीक टाकाने ओढल्यासारख्या काळ्या, वळणदार रेघा दिसल्या, तर तो ग्राफिस वंशातला शैवाक असण्याची शक्यता मोठी. एकेक रेघ जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. सालीचाच रंग समजून माणूस पुढे निघून जातो.

त्याची जात ठरवणं हे चिकाटीचं काम आहे. तो सालीला इतका चिकटलेला असतो की सालीच्या तुकड्यासकटच काढावा लागतो. मग ब्लेडने रेघेचा पातळ काप घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा रंग, आकार, त्यांतले पडदे बघायचे. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या फिनलंडच्या विल्यम नायलँडरने 1866 साली आणखी एक वाट दाखवली: पोटॅशच्या थेंबाने शैवाकाचा रंग कसा पालटतो, यावरून जात ओळखायची. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, हे सायमन श्वेंडेनरचं म्हणणं मात्र याच नायलँडरला अखेरपर्यंत पटलं नाही!

भारतात ही विद्या लखनौच्या धरणीधर अवस्थींनी रुजवली. महाराष्ट्रात तिचं घर पुण्यात झालं. मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी काढली. तिची संशोधन संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखिजा यांनी अशाच सालीला चिकटलेल्या शैवाकांवर वर्षानुवर्षं काम केलं, नव्या जाती नोंदवल्या. त्यांचं बरंच लक्ष सह्याद्रीकडे आणि अंदमानकडे गेलं. पावसाच्या प्रदेशात शैवाक भरघोस, म्हणून ते साहजिकही होतं. पण त्यामुळे वैनगंगा-प्राणहितेच्या कोरड्या पानझडी जंगलाला तेवढं लक्ष लाभलं नाही, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

कारण चंद्रपूरची हवा. इथल्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच 1980च्या दशकात सुरू झाला. आजची क्षमता 2,920 मेगावॉट. शैवाकाला मुळं नसतात, हवेतून येईल ते तो अंगात घेतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांवरून हवेचा कस ओळखता येतो, हेही नायलँडरने 1866मध्येच मांडलं होतं. गंधकाचा धूर वाढला की नाजूक जाती आधी जातात, पिक्सिन कोकोजसारख्या चिवट जाती टिकतात.

तुलनेला जागाही जवळच आहे. ‘आलापल्लीचे वैभव’ हा सहा हेक्टरांचा तुकडा 1953पासून नैसर्गिक जंगल म्हणून राखला आहे आणि 2014 साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या जुन्या खोडांवरच्या जातींची यादी आणि चंद्रपूर शहरातल्या झाडांवरची यादी शेजारी-शेजारी ठेवली, तर कोणत्या जाती शहरातून गेल्या ते नावानिशी सांगता येईल.