भ्रष्ट प्रत आणि शुद्धीचे शास्त्र

पाठचिकित्सेच्या तासाला आपण 'भ्रष्ट' हा शब्द उच्चारतो तेव्हा त्यात नैतिक निंदा अभिप्रेत नसते. नकलताना ओळ गळली, समासातली टीप संहितेत शिरली, पाने उलटसुलट बांधली गेली, की प्रत भ्रष्ट झाली असे आपण म्हणतो. बिघडलेल्या पेन ड्राइव्हलाही संगणकाच्या परिभाषेत हेच विशेषण लागते. ते किती सार्थ आहे, याचा प्रत्यय आम्हाला २००९ च्या पावसाळ्यात आला.

आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने प्रबंधिकेसाठी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. दोन वर्षे गावोगाव हिंडून केलेले लेखन एकाच पेन ड्राइव्हमध्ये होते आणि प्रत्येक फाइलला गाणाऱ्या बाईचे नाव दिलेले होते. छपाईच्या दुकानात फाइल उतरत असतानाच कुणीतरी तो पेन ड्राइव्ह ओढून काढला. पुन्हा लावला तेव्हा पडद्यावर एकच प्रश्न उमटला : ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का? दुकानदार 'हो' म्हणायच्या बेतात होता. मुलीने त्याचा हात धरला, हे आमचे भाग्य.

या साधनाचा इतिहास फार जुना नाही. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये 'फ्लॅश' स्मृतीची कल्पना जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा 'नँड' हा प्रकार पुढे आला. पेन ड्राइव्हमध्ये असतो तो हाच. 'फ्लॅश' हे नाव त्यांचे सहकारी शोजी अरिइझुमी यांनी सुचवले. मजकुराचा मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांना कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला. म्हणजे स्मृतीच्या या साधनाला नाव मिळाले ते विस्मृतीच्या क्रियेवरून! २००० साली सिंगापूरची ट्रेक आणि अमेरिकेची आयबीएम यांनी यूएसबीला जोडायचे असे छोटे स्मृतिसाधन बाजारात आणले. आयबीएमने विकलेल्या पहिल्या साधनात केवळ ८ मेगाबाइट मजकूर मावत असे. फ्लॉपीचे दिवस तेव्हापासून भरत आले.

या चिपमध्ये अक्षरे विद्युत्भाराच्या रूपाने राहतात. विद्युत्रोधक थरांमध्ये कोंडलेला हा भार वीज नसतानाही टिकतो. मात्र प्रत्येक पुसण्यागणिक तो थर झिजतो. पण बहुतेक वेळा बिघडते ती चिप नव्हे, तिची अनुक्रमणिका. लहान पेन ड्राइव्हवरील मांडणी 'फॅट' या पद्धतीची असते आणि तिचे मूळ मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅकडोनाल्ड यांच्या १९७७ च्या कामात आहे. मजकुराचे तुकडे जागा मिळेल तिथे ठेवायचे आणि कोणत्या तुकड्यामागून कोणता वाचायचा हे एका कोष्टकात नोंदवायचे, अशी ही योजना. फाइलींची नावे तिसऱ्याच ठिकाणी, यादीत असतात. लिहिणे चालू असताना पेन ड्राइव्ह ओढला, की मजकूर, कोष्टक आणि यादी यांचा मेळ तुटतो. पोथीची पाने शाबूत, पण दोरा तुटलेला आणि पत्रांक पुसलेले!

म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम असा की मूळ प्रतीवर काहीही लिहू नये. प्रथम तिची बिटागणिक नक्कल दुसरीकडे उतरवावी आणि सारे प्रयोग त्या नकलेवर करावेत. फॅट पद्धतीत कोष्टकाच्या सहसा दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरीशी ताडून पाहता येते. पाठभेद जुळवण्याचेच हे काम. विंडोजमधील 'चेकडिस्क' कोष्टकातील विसंगती मिटवते खरी, पण त्या ओघात अनाथ तुकड्यांना नुसते क्रमांक देऊन बाजूला टाकते. ती घाईने मूळ प्रतीवर चालवणे म्हणजे पोथी न उतरवताच तिच्यावर शाईने दुरुस्त्या करणे होय.

कोष्टकच नष्ट झाले असेल तर 'फोटोरेक'सारखी आज्ञावली कामी येते. ती अनुक्रमणिका पाहतच नाही, फाइलींचे आरंभ शोधते. आरंभीचे नमन पाहून सुटी पाने वेगळी करावीत, तसे हे आहे. जुन्या वर्ड फाइलीचे नमन ठरलेले असते : डी-शून्य, सी-एफ, एक-एक, ई-शून्य. त्यात 'डॉकफाइल' असा शब्द वाचता येतो.

आमच्या एका सहकाऱ्याने दोन रात्री खपून बहुतेक फाइली अशा परत मिळवल्या. उघडल्या तर रोमन अक्षरांचा गोंधळ! लेखन युनिकोडपूर्व फाँटमध्ये होते. त्यात रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, आणि तो फाँट आमच्या संगणकावर नव्हता. महानुभावांची सकळ लिपी आम्ही वर्गात शिकवतो. एका अक्षराऐवजी दुसरे चिन्ह योजायचे आणि किल्ली जाणत्यांपुरती ठेवायची. इथे कुणाला काही लपवायचे नव्हते, तरी किल्लीवाचून वाचता न येणारा मजकूर तयार झाला होता. फाँट मिळाला आणि ओव्या वाचता आल्या.

परत आली नाहीत ती नावे. ती यादीत होती आणि यादी नष्ट झाली होती. ओवी होती, गाणारी हरवली होती.

लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्रात गेल्यावर शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला, हे आपण जाणतोच. आमच्या विद्यार्थिनीने तोच मार्ग धरला. छापील पाने घेऊन ती त्या गावांत पुन्हा गेली आणि ओव्या मोठ्याने वाचू लागली. "ही आमच्या चुलतीची," एखादी म्हणे, दुसरी म्हणे, "ही काय एकीची आहे व्हय? सगळ्यांचीच." दोन वृद्धा मधल्या काळात वारल्या होत्या. काही ओव्यांचा धनी अखेर सापडलाच नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठांतराने आलेले दोष त्यांनी दूर केले. स्वतः समर्थ कवी असूनही त्यात आपली ओवी मिसळली नाही आणि पुढच्यांनाही तसे न करण्याचे बजावले. ग्रंथशुद्धीचे अर्धे श्रेय या संयमाला आहे. आमच्या विद्यार्थिनीलाही मोह होता. कोणती ओवी कुणाची असावी, याचा अंदाज ती सहज बांधू शकली असती आणि आम्हा मार्गदर्शकांनाही तो खरा-खोटा ठरवता आला नसता. तिने तसे केले नाही. तिच्या परिशिष्टात अशा प्रत्येक ओवीखाली एकच ओळ आहे : गाणारीचे नाव उपलब्ध नाही.

मौखिक परीक्षेत या ओळीबद्दल तिला विचारले गेले. "नाव माझ्याकडून हरवलं, सर," ती म्हणाली. परीक्षकांनी पुढचे पान उलटले. आम्ही मात्र त्या दिवसापासून पाठचिकित्सेचा पहिला तास याच परिशिष्टाने सुरू करतो.