रस्त्यावरचे पाठभेद : वाहनचालनाचे गेम्स आणि त्यांचे तक्रारदार वाचक

संहिता पूर्ण झाली असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये अशी तंबीही देऊन ठेवली. संहितेला कुलूप लावण्याचाच तो प्रयत्न होता. पुढे मुद्रणाने हे काम सोपे केले. ग्रंथाला एक तारीख मिळाली, आणि उरलेसुरले दोष शेवटच्या पानावरील शुद्धिपत्रात टाकून प्रकाशक मोकळा होऊ लागला. संगणकावरील गेम्सनी मात्र हे कुलूप पुन्हा काढले आहे, आणि त्यांतही वाहनचालनाच्या गेम्सचे उदाहरण आम्हांला विशेष बोलके वाटते. राक्षस मारण्याच्या गेममध्ये राक्षस खोटा वागला असे खेळाडूला म्हणता येत नाही, कारण त्याने राक्षस पाहिलेला नसतो. रस्ता त्याने पाहिलेला असतो. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबते, ओल्या वळणावर मागचे चाक केव्हा दगा देते, हे पुष्कळांना अंगाने ठाऊक असते. म्हणून नवे अपडेट आल्यावर असा खेळाडू जे लिहून कळवतो, तो वाचकाचा अभिप्राय तर असतोच, शिवाय साक्षीदाराची जबानीही असते. या दोहोंची गल्लत कुठे होते आणि दोष कोणता, मत कोणते, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे जातो, एवढेच प्रस्तुत लेखात पाहायचे आहे.

प्रथम ‘बग’ या शब्दाविषयी थोडेसे. यंत्रातील बारीक खोडीला हा शब्द एडिसन १८७८ च्या एका पत्रात वापरतो, म्हणजे संगणकाहून शब्द जुना. हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क टू’ या यंत्राच्या रिलेमध्ये ९ सप्टेंबर १९४७ रोजी खराखुरा पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवून ठेवण्यात आला. ती वही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. हा पतंग ग्रेस हॉपर यांनी पकडला अशी दंतकथा रूढ आहे. त्या स्वतः मात्र तसे नसल्याचे मोकळेपणाने सांगत. आम्हांला त्या नोंदीत विनोदापेक्षा तिचा घाट लक्षणीय वाटतो. तारीख, वेळ, यंत्राचा नेमका भाग आणि पुरावा. दोषकथनाच्या पुढील सर्व लेखनाचे व्याकरण त्या एका पानात आलेले आहे. त्यात रागाला जागा नाही, ‘मला वाटते’लाही नाही.

वाहनचालनाच्या गेम्समध्ये हे व्याकरण फार काळ टिकले नाही. अमेरिकेतील पपायरस या संस्थेचा ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा गेम १९९८ मध्ये आला. विषय होता १९६७ सालच्या फॉर्म्युला वन शर्यतींचा. त्या वर्षीच्या गाड्यांना तीन लिटरचे दांडगे इंजिन होते. गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख मात्र १९६८ पासून आले. गेमने हे सारे इमानाने उतरवले. परिणाम असा की नवखा खेळाडू पहिल्याच वळणावर गाडीसकट गिरकी घेऊन गवतात जाई. गाडी बर्फावर चालवल्यासारखी वाटते, ही तक्रार या गेमविषयी सर्रास होऊ लागली. निर्मात्यांच्या लेखी हा दोष नव्हताच, कारण त्यांच्या मते गाडीच तशी होती. दुर्बोध कवितेच्या बाजूने आपण वर्गात जे बोलतो त्याच्याशी हा युक्तिवाद मिळताजुळता आहे, आणि त्यातले तथ्यही तितकेच आहे. गेमचा खप बेताचा राहिला; पण ज्यांनी तो चिकाटीने ‘वाचला’ त्यांनी पपायरस बंद झाल्यावरही नव्या संगणकांवर तो चालावा म्हणून स्वतः दुरुस्त्या केल्या, नवे रस्ते बांधले आणि त्याला कितीतरी वर्षे जिवंत ठेवले.

येथवर हा निर्मात्याच्या विजयाचा अध्याय वाटतो. परंतु त्या गेममागचे प्रमुख नाव असलेले डेव्ह केमर यांनी पुढे ‘आयरेसिंग’ ही सेवा उभारली. ती २००८ मध्ये खुली झाली आणि २०११ मध्ये तिच्यात टायरचे संपूर्ण नवे गणित बसवावे लागले. नंतरही ते सुधारत राहिले. रबर रस्त्याला कसे धरते हे कोडे इतके अवघड असेल, तर १९९८ मधील ‘बर्फा’ची तक्रार केवळ अडाण्यांची होती असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. तक्रारीची भाषा ढोबळ होती, एवढेच खरे.

याच्या अगदी उलट टोकाला २००३ चा ‘बिग रिग्ज : ओव्हर द रोड रेसिंग’ उभा आहे. समीक्षेच्या इतिहासात एखादी कृती तिच्या दोषांमुळेच अजरामर होते, तशातला हा प्रकार. यात अवजड ट्रकची शर्यत लागते, पण प्रतिस्पर्धी ट्रक जागचा हलत नाही. आपला ट्रक घरांमधून आरपार जातो आणि सरळ उभ्या डोंगरावर समतल रस्त्याच्याच वेगाने चढतो. मागे घ्यायला लागले तर वेग वाढतच राहतो, त्याला मर्यादाच नाही. शर्यत संपल्यावर पडद्यावर जे अभिनंदन झळकते, त्याचे इंग्रजी व्याकरणदेखील चुकलेले. गेमस्पॉटने त्याला दहापैकी एक गुण दिला. त्याहून कमी देण्याची त्यांच्याकडे सोय नव्हती. नंतर दुरुस्ती आली. तिने प्रतिस्पर्धी ट्रक चालू लागला खरा, पण तो अंतिम रेषेच्या अलीकडेच येऊन थांबतो, म्हणजे जिंकत कधीच नाही. अभिनंदनाचे व्याकरण मात्र सुधारले. मुद्रितशोधन केले आणि आशय तसाच ठेवला, असे पुस्तक प्रत्येकाच्या कपाटात एखादे तरी असतेच.

‘बिग रिग्ज’ आला त्याच वर्षी, सप्टेंबर २००३ मध्ये, ‘स्टीम’ ही वितरणव्यवस्था सुरू झाली. तोवर दुरुस्त्या मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडींतून किंवा कूर्मगतीच्या इंटरनेटवरून मिळवाव्या लागत. ज्याला गरज तो मिळवी. बाकीच्यांचा गेम विकत घेतला त्या दिवशी होता तसाच राही. स्टीमसारख्या व्यवस्थांनी नवी आवृत्ती आपोआप घरी पोहोचवायला सुरुवात केली. सकाळी उठून पाहावे तर कपाटातील कादंबरीचे सातवे प्रकरण रात्रीतून बदललेले, असे म्हटल्यास वाचकांना या बदलाची कल्पना यावी.

या नव्या परिस्थितीत तक्रारीला रीतसर घाट देण्याचे काम ज्यांनी मनापासून केले, त्यांत प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीचे नाव घ्यावे लागेल. तिचा ‘यूरो ट्रक सिम्युलेटर २’ ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. युरोपातील मालवाहू ट्रक चालवायचा, एका शहरातून दुसऱ्या शहरात वेळेवर माल पोहोचवायचा, एवढेच कथानक. नवे अपडेट पक्के होण्यापूर्वी कंपनी त्याची चाचणी-आवृत्ती सर्वांसाठी खुली करते आणि दोष कळवण्याची पद्धतही नेमून देते. रस्त्यात खोट दिसली, समजा खांब हवेत तरंगतो आहे किंवा गवत डांबरातून वर आले आहे, तर एफ ११ ही कळ दाबायची. दृश्याचे छायाचित्र निघते आणि एका साध्या फाइलमध्ये त्या जागेच्या निर्देशांकांसह एक ओळ नोंदली जाते. ती ओळ कंपनीला पाठवायची. १९४७ च्या नोंदवहीची ही थेट वंशज म्हणावी लागेल. फरक एवढाच की हे काम पगारी तंत्रज्ञाऐवजी पैसे मोजून गेम घेतलेला ग्राहक फुकट करतो. मुद्रितशोधकाला निदान मानधन तरी मिळते, मग ते कितीही तुटपुंजे असो. कोणी याला वाचकाचा सहभाग म्हणतो, कोणी वेठबिगार. आम्हांला दोन्ही शब्द अपुरे वाटतात, कारण रात्री जागून ती ओळ पाठवणाऱ्याला त्या तरंगत्या खांबाचे खरोखरच वाईट वाटलेले असते.

पण निर्देशांकांत मावणार नाही अशी तक्रार आली म्हणजे काय करायचे? तशी ती २०१६ मध्ये आली. त्या वर्षी २ फेब्रुवारीला कंपनीने ‘अमेरिकन ट्रक सिम्युलेटर’ प्रकाशित केला. आरंभी त्यात कॅलिफोर्निया आणि नेवाडा ही दोन राज्ये होती. अशा गेममध्ये नकाशा आक्रसून घ्यावाच लागतो; युरोपच्या गेममध्ये शहराबाहेरचे प्रमाण एकास एकोणीस होते, म्हणजे खरे एकोणीस किलोमीटर तेथे एका किलोमीटरमध्ये बसवलेले. अमेरिका अफाट, म्हणून तेथे प्रमाण एकास पस्तीस ठरवण्यात आले. यात प्रमाद कोठेही नव्हता. प्रोग्रॅम बिनचूक होता, खांब जमिनीवर होते. तरीही खेळाडू म्हणू लागले की काहीतरी चुकले आहे, हा देश फारच लहान झाला आहे.

त्यांचे म्हणणे गणिताने तपासता येते. लॉस एंजेलिस ते लास वेगास हे रस्त्याचे अंतर सुमारे ४३० किलोमीटर आहे. पस्तिसाने भागले की उरतात जेमतेम १२ किलोमीटर, आणि ताशी ९० च्या वेगाने ती आठ मिनिटांत सरतात. मोहावीचे वाळवंट अजून डोळ्यांत भरते न भरते तोच जुगारनगरीचे दिवे समोर! खेळाडूंची तक्रार नीट वाचली तर ती विलक्षण आहे. प्रवास पुरेसा लांबत नाही, पुरेसा कंटाळा येत नाही, असे ते सांगत होते. लांबच्या ट्रकप्रवासात घडत काहीच नाही, आणि ते काहीच न घडणे हाच त्या गेमचा आशय आहे, हे निर्मात्यांच्याही आधी वाचकांनी ओळखले. कादंबरीतील संथ वर्णने गाळून संक्षिप्त आवृत्ती काढणाऱ्या संपादकाला एखाद्या जाणत्या वाचकाने हेच सुनावले असते.

कंपनीने हे म्हणणे मान्य केले, पण त्याची किंमतही उघडपणे मांडली. जुन्या रस्त्यांची लांबी वाढवायची तर मधले सारे मुलूख पुन्हा बांधावे लागणार, आणि त्या काळात नवे राज्य पुढे सरकणार नाही. तरीही काम झाले. डिसेंबर २०१६ च्या अपडेटने प्रमाण एकास वीसवर आणले आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. मघाचा तो प्रवास गणिताने चौदा मिनिटांचा झाला. न्यू मेक्सिको राज्यासाठी मात्र नोव्हेंबर २०१७ पर्यंत थांबावे लागले. ‘मत’ म्हणून बाजूला सारता आले असते असे म्हणणे येथे ‘दोष’ म्हणून स्वीकारले गेले आणि भूगोल बदलला. वाचकाच्या अभिप्रायाने एखाद्या कृतीची आतील मोजपट्टीच बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांला साहित्यातही चटकन आठवत नाही.

‘ग्रान टुरिझ्मो ७’चा अनुभव याहून कडवट आहे. जपानच्या पॉलिफनी डिजिटलचा हा गेम ४ मार्च २०२२ रोजी आला. त्याच महिन्याच्या १७ तारखेच्या सुमारास १.०७ क्रमांकाच्या अपडेटच्या वेळी गंभीर बिघाड लक्षात आला आणि सेवा तीस तासांहून अधिक काळ बंद राहिली. एकट्याने खेळायचा बहुतेक भागही सेवेच्या जोडणीवरच अवलंबून असल्याने विकत घेतलेली तबकडी हातात असूनही निरुपयोगी झाली. सेवा परतली तेव्हा अनेक शर्यतींच्या बक्षिसाची रक्कम घटवलेली आढळली. गेममधील चलन खऱ्या पैशांनी विकत मिळत होते, त्यामुळे या कपातीचा अर्थ खेळाडूंनी काय लावला हे सांगायला नको. मेटाक्रिटिकवरील खेळाडूंचे गुण रसातळाला गेले. निर्माते काझुनोरी यामाउची यांनी आधी स्पष्टीकरण दिले, पुढच्याच आठवड्यात क्षमा मागून दहा लाख क्रेडिट्सची भरपाई जाहीर केली, आणि एप्रिलमधील अपडेटने बक्षिसे वाढवली.

तीस तासांचा बंद हा खरा बग होता. तो दुरुस्त झाला आणि लोक विसरलेही. बक्षिसांची कपात हा बग नव्हता, प्रोग्रॅमने हुकूम तंतोतंत पाळला होता, आणि लोकांना माफ करता आला नाही तो हाच हुकूम. हस्तदोष आणि कर्त्याचा अभिप्रेत अर्थ यांत जो फरक आपण शिकवतो, तो त्या खेळाडूंनी कोणी न शिकवता केला. जुलै २०२४ मध्ये याच गेमच्या १.४९ या अपडेटने गाडीच्या भौतिकीत फेरफार केले, तेव्हा विशिष्ट जुळवणीच्या काही गाड्या चेंडूसारख्या उसळून आकाशात भिरकावल्या जाऊ लागल्या. त्यांच्या चित्रफिती पाहून जगभर हशा पिकला, कोणी संतापले नाही, आणि थोड्याच दिवसांत दुरुस्तीही आली.

अभ्यासकाची अडचण मात्र येथून सुरू होते. बक्षिसांच्या कपातीआधीचा ‘ग्रान टुरिझ्मो ७’ किंवा उडत्या गाड्यांचा तो आठवडा आज सेवेवर कोणालाही खेळून पाहता येत नाही. नव्या पाठाने जुना पाठ पुसला गेला. उरल्या त्या तक्रारी. चार्वाकांचे ग्रंथ लुप्त झाले आणि त्यांचे म्हणणे प्रतिपक्षाने खंडनासाठी उद्धृत केले तेवढेच हाती राहिले, तशीच ही अवस्था. एससीएसने या बाबतीत शहाणपण दाखवले आहे. तिच्या दोन्ही ट्रक-गेम्सच्या अनेक जुन्या आवृत्त्या स्टीमवर मागून घेता येतात. ही सोय मुख्यतः खेळाडूंनी स्वतः रचलेले नकाशे आणि गाड्या नव्या अपडेटने मोडतात म्हणून आहे, पण पाठचिकित्सकाच्याही उपयोगी पडते. २०१२ च्या गेममधील जर्मनी पुढील अपडेट्समध्ये टप्प्याटप्प्याने नव्याने बांधण्यात आला. त्याआधी एफ ११ दाबून कोणी एखाद्या जर्मन वळणाची खोट कळवली असेल, तर त्या ओळीतील निर्देशांकांवर आज दुसराच रस्ता असण्याचा संभव आहे. ते वळण पाहायचे असल्यास जुनी आवृत्ती उतरवून घ्यायची, ट्रक सुरू करायचा आणि तेथवर चालवत जायचे.